स्वयंपाकघरासाठी इंडक्शन: चार चुलींची रेंज घ्यावी की साधी शेगडी?

मानपाडेकर | २ मे, रात्री ९:४०

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला आमची सदनिका आहे आणि १७ वर्षांनंतर स्वयंपाकघराचा ओटा बदलायचे आम्ही ठरवले आहे. ग्रॅनाइटवाला पुढच्या पंधरवड्यात माप घ्यायला येणार आहे, त्यामुळे चुलीचा निर्णय त्याआधी व्हायला हवा.

माझ्या दिरांकडे अमेरिकेत इंडक्शन रेंज आहे, म्हणजे वर चार चुली आणि खाली ओव्हन असे एकसंध उपकरण. ते पाहून आल्यापासून यजमानांच्या मनात तेच भरले आहे. मला मात्र शंका आहेत. घरात आम्ही चौघे: आम्ही दोघे, दहावीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. दोन वेळा पोळ्या, आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी, रोज दोन वेळा कुकर आणि दोन लिटर दूध असा आमचा नेहमीचा स्वयंपाक आहे. पाइप गॅस घरात आहे. मे महिन्यात आमचे पश्चिमेकडे तोंड असलेले स्वयंपाकघर संध्याकाळी अक्षरशः भट्टी होते आणि इंडक्शनचा विचार मुळात त्यासाठीच सुरू झाला.

ज्यांनी निदान वर्षभर रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर केला आहे, त्यांनी कृपया लिहावे. नुसता चहा आणि मॅगी करणाऱ्यांचे अनुभव माझ्याकडे भरपूर आहेत.

उगाच_विचारतो | २ मे, रात्री ९:५२

सासूबाईंना विचारले का? बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

निवृत्त_तारमार्ग | २ मे, रात्री ११:०५

मी कळव्याला राहतो आणि नोकरीची सगळी वर्षे विजेच्या कामात गेली, तेव्हा सुरुवात भिंतीच्या आतून करतो. लोक आधी शेगडी आणतात आणि मग प्लग कुठे लावायचा ते पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

आपल्याकडे मिळणारी सुटी इंडक्शन शेगडी १२०० ते २२०० वॅटची असते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पूर्ण शक्तीने चालली की सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. मोबाइल आणि मिक्सरसाठी असते ते लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, त्यामुळे ते यासाठी चालणार नाही. मोठ्या पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे, त्याला चालू अर्थिंग हवे, आणि त्या तारेवर फ्रिज, मायक्रोवेव्ह किंवा गीझर यांपैकी काहीही नको. अशा दोन शेगड्या एकाच तारेवर एकाच वेळी लावल्यात तर प्रवाह १७ अँपिअरच्या वर जातो आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारी कळ) पडत राहतो. एमसीबी पडला तर तो आपले काम करतो आहे असे समजावे. काळजी न पडणाऱ्या एमसीबीची करावी.

तुमच्या दिरांच्या घरी रेंजसाठी २४० व्होल्टची, ४० किंवा ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन असते. तिथले घर बांधतानाच ती ओढलेली असते. आपल्याकडे चार चुलींचा, ओट्यात बसणारा इंडक्शन हॉब साधारण ७.२ किलोवॅटचा असतो, म्हणजे सगळ्या चुली पूर्ण शक्तीवर असताना ३१ अँपिअर. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' (घराला एका वेळी वापरायला मंजूर असलेली वीज) असा रकाना असतो, तो आधी पाहा. तुमचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट असेल आणि घरात दोन वातानुकूलन यंत्रे असतील, तर हॉबसाठी आधी भारवाढीचा अर्ज करावा लागेल, मीटरपासून नवी जाड तार ओढावी लागेल आणि कदाचित थ्री-फेज जोडणीचाही विचार करावा लागेल. हे सगळे होऊ शकते. फक्त हा खर्च शेगडीच्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

नौपाडा_जुना | ३ मे, सकाळी ७:२०

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, त्यामुळे विरोधी मत नोंदवतो. गॅस असताना हा खटाटोप कशाला? भरताचे वांगे कशावर भाजणार? पापड, कैरी, मक्याचे कणीस? फुलका जाळावर टम्म फुगतो तसा कशावर फुगणार? आणि १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते का? कळवा-पडघा मार्गावर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. आमच्या गोखले रस्त्यावरच्या घरात तेव्हा गॅसवर वरणभात झाला आणि वरच्या मजल्यावरची इंडक्शनवाली मंडळी आमच्याकडे जेवायला आली होती.

उगाच_विचारतो | ३ मे, सकाळी ८:०१

@नौपाडा_जुना, म्हणजे इंडक्शनमुळे शेजारधर्म वाढतो, असा मुद्दा आहे तर.

खारघर_टेकडी | ३ मे, सकाळी १०:३०

आमच्या खारघरच्या रो-हाउसमध्ये चार वर्षांपासून ओट्यात बसवलेला चार चुलींचा हॉब आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

'रेंज' या शब्दात अडकू नका. खाली ओव्हन जोडलेली इंडक्शन रेंज आपल्याकडच्या दुकानांत क्वचित दिसते आणि ती आणलीत तरी तिची दुरुस्ती करणारा माणूस शोधत फिरावे लागेल. आपल्याकडे हॉब वेगळा आणि भिंतीत बसणारा ओव्हन वेगळा अशीच पद्धत आहे आणि ती जास्त सोयीची आहे, कारण एक बिघडले तरी दुसरे चालू राहते.

ग्रॅनाइट कापण्यापूर्वी दोन गोष्टी नक्की करा. पहिली गोष्ट ओट्याच्या खिडकीची, म्हणजे कटआउटची. प्रत्येक कंपनीच्या हॉबचे माप थोडे वेगळे असते, त्यामुळे उद्या हा हॉब गेला आणि दुसऱ्या कंपनीचा आणला, तर खिडकी लहान पडली तर पुन्हा कापावी लागते आणि मोठी पडली तर काही इलाज नसतो. म्हणून हॉब प्रत्यक्ष घरात आल्याशिवाय दगडाला हात लावू देऊ नका. दुसरी गोष्ट हवेची. हॉबच्या पोटात पंखा असतो आणि तो खालून हवा घेतो. आमच्या सुताराने हौसेने खाली घट्ट ड्रॉवर बसवला. पहिल्याच श्रावणात पुरणपोळ्यांच्या दिवशी, १४ वी पोळी तव्यावर असताना, हॉब तापून बंद पडला. ड्रॉवरच्या मागची फळी कापून हवेला वाट केल्यावर तो त्रास थांबला.

@निवृत्त_तारमार्ग यांच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. काही हॉबमध्ये एकूण भार मर्यादित ठेवण्याची सोय असते. बसवणारा माणूस ती मर्यादा साडेतीन किलोवॅटच्या आसपास लावून देतो आणि मग चारही चुली मिळून त्यापलीकडे जात नाहीत. दोन चुली जोरात आणि दोन मंद, असाच तर आपला स्वयंपाक चालतो. खरेदीपूर्वी ही सोय आहे का, हे अवश्य विचारा.

भाकरतुकडा | ३ मे, दुपारी २:१५

मी नेरुळला राहते आणि सहा वर्षे पोळी-भाकरी इंडक्शनवरच करते. हा धागा अँपिअरमध्ये बुडण्यापूर्वी तव्याविषयी बोलू.

स्वस्त शेगडीच्या काचेवर जे मोठे वर्तुळ छापलेले असते, त्यावर विश्वास ठेवू नका. त्याखालची तांब्याची गुंडाळी बऱ्याचदा १५-१६ सेंटीमीटरचीच असते. माझ्या पहिल्या शेगडीवर २८ सेंटीमीटरचा तवा ठेवला की मधली पोळी करपायची आणि कडा कच्च्या राहायच्या. एकदा तव्यावर मूठभर रवा पसरून पाहिला, तर पाच मिनिटांत मधोमध बशीएवढे तांबूस वर्तुळ उमटले आणि बाहेरचा रवा पांढराच राहिला. दुसरी शेगडी घेताना मी दुकानदाराला गुंडाळीचा व्यास विचारला. त्याला सांगता येईना, तेव्हा तवा आणि रवा घेऊन पुन्हा दुकानात गेले. त्याने मला वेड्यात काढले असावे, पण शेगडी योग्य मिळाली.

भाकरीचे म्हणाल तर बिडाचा सपाट तवा सर्वांत चांगला. मात्र तो एकदम १८०० वॅटवर ठेवू नये. मधला भाग आधी तापतो, कडा थंड राहतात आणि त्या ताणाने तवा वाकतो किंवा चिरतो. मी ६००-८०० वॅटवर पाच-सहा मिनिटे तवा तापवते आणि मग आच वाढवते. भाकरी टाकायची, वरून पाणी फिरवायचे, पाणी सुकत आले की उलटायची, इथपर्यंत सगळे नेहमीसारखे. दुसरी बाजू पूर्ण भाजली की पहिली बाजू पुन्हा तव्यावर टाकून सुती फडक्याने कडेकडेने दाबत भाकरी फिरवायची. वाफ अडली की पापुद्रा सुटतो आणि भाकरी फुगते. जाळावरच्या भाकरीला येतो तो किंचित करपलेला वास मात्र हिला येत नाही, हे मी मान्य करते. आमच्या आईने पहिली भाकरी खाऊन "शिजली आहे, भाजली नाही" असे म्हटले होते.

खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई विसरा. काचेला बूड टेकले नाही तर उष्णता तयार होत नाही.

वाशी_सेक्टर_नऊ | ३ मे, दुपारी ४:४०

सिडकोच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी लिहितो. आमच्या स्वयंपाकघरात मोठे सॉकेट एकच होते आणि त्यावर फ्रिज होता. म्हणून मी एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन लावले. तीन आठवडे काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात कुकर लावून मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. बोर्डाची पिन सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती. मुख्य कळ बंद करून ती पक्कडीने उपटावी लागली. त्यानंतर शेगडीसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढून घेतली. कुकरचे वरण तेवढे उत्तम शिजले होते.

ऐरोलीकर | ३ मे, रात्री ८:१०

खर्चाचे कोणीच बोलत नाही. इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त पडते का?

निवृत्त_तारमार्ग | ३ मे, रात्री १०:२५

@ऐरोलीकर, दर बदलत राहतात, म्हणून रुपये न सांगता हिशेबाची रीत सांगतो.

एक किलो एलपीजीमध्ये सुमारे १२.८ युनिट विजेइतकी उष्णता असते, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८०. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. बर्नर जुना असेल, ज्योत पातेल्याबाहेर जात असेल, तर घरात ६० टक्के पदरात पडले तरी पुष्कळ. इंडक्शनमध्ये भांड्याचे बूडच तापते, त्यामुळे ८५ टक्क्यांच्या आसपास वीज अन्नापर्यंत पोहोचते. या आकड्यांवरून एका सिलिंडरचे काम १३० ते १४५ युनिट वीज करते. सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागा. तुमची वीज त्या आकड्यापेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन स्वस्त. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरमागे सात ते आठ युनिट धरा आणि त्याच पद्धतीने भागाकार करा.

आता यातली गोम. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक टप्पा, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा असतो, आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. इंडक्शनचे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या वर जाऊन बसतात. म्हणून सरासरी दर धरू नका. तुमच्या शेवटच्या युनिटचा दर धरा आणि त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) व १६ टक्के विद्युत शुल्क मिळवा. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या दोघांच्या घराचा हिशेब वेगळा आणि मे महिन्यात रात्रभर वातानुकूलन चालवणाऱ्या घराचा वेगळा.

एक लिटर पाणी २७ अंशांवरून उकळीला आणायला इंडक्शनवर सुमारे ०.१ युनिट लागते, म्हणजे १८०० वॅटवर साडेतीन मिनिटांच्या आत पाणी उकळायला हवे. शेगडी विकत घेतल्यावर घड्याळ लावून हे एकदा करून पाहा. पाच-सहा मिनिटे लागली तर शेगडीत किंवा भांड्यात काहीतरी खोट आहे.

खारघर_टेकडी | ३ मे, रात्री १०:५०

आमच्या छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल आहे. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळाले. दुपारचा स्वयंपाक त्यामुळे जवळजवळ फुकटात होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे सहज जमत नाही, याची कल्पना आहे.

पळीवाढी | ४ मे, सकाळी ११:३५

भांड्यांचा खर्च धरला का? माझ्या लग्नातली अर्धी भांडी बाद झाली. हिंडालियमचे टोप, पितळेची पातेली, तांब्याच्या बुडाचे स्टीलचे डबे आणि जुना अ‍ॅल्युमिनियमचा पाच लिटरचा कुकर, यांपैकी एकालाही इंडक्शनने ओळख दाखवली नाही.

स्टीलचे भांडे म्हटले की ते चालेलच, असेही नाही. ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही आणि ४३० प्रतीच्या स्टीलला चिकटतो. आमच्या घरी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून मी सगळी मांडणी तपासली. बुडाला चुंबक घट्ट बसला तर भांडे चालते आणि नुसता घसरत राहिला तर चालत नाही. ट्रायप्लायची, म्हणजे तीन थरांची, भांडी महाग पडतात, पण मधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरामुळे उष्णता सगळीकडे पसरते आणि तळाला लागत नाही.

सगळ्यांत जास्त अडले ते फोडणीसाठी. माझे लोखंडी कढले चुंबकाला चिकटते, तरी शेगडी नुसती बीप-बीप करत राहिली. बहुतेक शेगड्यांना बुडाचा व्यास किमान १२ सेंटीमीटरच्या आसपास लागतो आणि कढले असते वाटीएवढे. कढल्याखाली दुसरा तवा ठेवला तर फोडणी होते, पण मोहरी तडतडेपर्यंत वरण निवते.

उगाच_विचारतो | ४ मे, सकाळी ११:५०

ज्या शेगडीला फोडणी कळत नाही तिला मराठी घरात भाडेकरू म्हणूनसुद्धा ठेवू नये.

दुपारचा_चहा | ४ मे, दुपारी १:०५

पितळेची आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी टाकवत नसतील तर इन्फ्रारेड शेगडी पाहावी, तिच्यावर कोणतेही भांडे चालते. मी तीच वापरते. जाळी ठेवून पापड आणि वांगेही भाजता येते.

भाकरतुकडा | ४ मे, दुपारी १:३०

@दुपारचा_चहा, बरोबर आहे, पण मानपाडेकरांना हवा आहे थंडावा. इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लाल होते, काच तापते आणि ती बराच वेळ तापलेली राहते. दूध उतू गेले तर त्या काचेवर करपून बसते. इंडक्शनच्या काचेला फक्त भांड्याची ऊब लागते, त्यामुळे सांडलेले दूध ओल्या फडक्याने निघते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर हा फरक मोठा आहे.

सीवूड्सची_सून | ४ मे, दुपारी ३:२०

उन्हाळ्याचा मुद्दा कोणी नीट मांडला नाही, म्हणून मांडते. इंडक्शनवर स्वयंपाक करताना डोक्यावरचा पंखा चालू ठेवता येतो. गॅसवर ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद ठेवून मी १२ वर्षे घामाघूम होत पोळ्या लाटल्या. मला इंडक्शन का आवडते असे कोणी विचारले तर विजेचा हिशेब, कार्यक्षमता, धूर यांतले काही मी सांगत नाही, पंख्याचे सांगते.

खाडीकाठ | ४ मे, संध्याकाळी ६:४५

एक गंभीर प्रश्न आहे. माझ्या वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे. घरात इंडक्शन ठेवणे सुरक्षित आहे का?

निवृत्त_तारमार्ग | ४ मे, रात्री ९:१०

@खाडीकाठ, चालू शेगडीपासून पेसमेकर निदान ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट, दूर ठेवावा असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. शेगडीचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला त्याचा त्रास होण्याचे कारण नाही. मात्र वडील स्वतः ओट्याशी उभे राहून चहा करत असतील तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना यंत्राचे नाव सांगून विचारा आणि आमच्यासारख्यांच्या मतावर थांबू नका.

खाडीकाठ | ४ मे, रात्री ९:१८

आभारी आहे. चहा तेच करतात, म्हणून विचारले.

ऐरोलीकर | ५ मे, सकाळी ९:००

टिकाऊपणाबद्दल लिहितो. माझी पहिली शेगडी १४ महिन्यांत गेली, म्हणजे हमी संपल्यावर दोन महिन्यांनी. कंपनीचे नाव लिहीत नाही. सेवा केंद्राने तीन आठवडे ठेवून घेतली आणि "बोर्ड गेला" असे सांगून शेगडीच्या किमतीच्या दोन-तृतीयांश रकमेचा अंदाज दिला. मग आमच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने ती माझ्यासमोर उघडली. आत झुरळ होते. पंख्याच्या जाळीतून उबेला शिरले आणि दोन टोकांच्या मधे जाऊन भाजले. त्याने जळालेला भाग बदलून दिला आणि शेगडी अजून चालते.

तेव्हापासून रात्री शेगडी पुसून, प्लग काढून, उभी करून ठेवतो. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरू नये, कारण पंखा ते ओढून घेतो आणि हवा बंद होते.

नौपाडा_जुना | ५ मे, सकाळी ९:४०

माझ्या गॅसच्या शेगडीत आजवर एकही झुरळ शॉक लागून गेलेले नाही.

मानपाडेकर | ५ मे, रात्री १०:१५

सर्वांचे मनापासून आभार. बिल काढून पाहिले, मंजूर भार चार किलोवॅट आहे आणि घरात दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र आहे. यजमानांनी @निवृत्त_तारमार्ग यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि चार चुलींचा विषय स्वतःहून मागे घेतला. सासूबाईंना विचारले (@उगाच_विचारतो, हो, विचारले). त्यांचे म्हणणे असे की आच डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि काचेवर बोट ठेवल्यावर चालू होणारे काहीही त्यांना नको, कारण कणकेच्या हाताने ते चालत नाही.

आता प्रश्न असा की सुटी शेगडी घ्यायची तर मंद आचेचे काय? शेजारच्या ताईंच्या शेगडीवर खीर सतत उसळते आणि पुन्हा बसते.

भाकरतुकडा | ६ मे, दुपारी १२:२०

@मानपाडेकर, तुम्ही नेमके दुखणे पकडलेत. स्वस्त शेगडी मंद आचेवर सलग थोडी शक्ती देत नाही. पडद्यावर ३०० वॅट दिसते, पण प्रत्यक्षात ती काही सेकंद हजारेक वॅटने चालते आणि काही सेकंद बंद राहते. सरासरी ३०० भरते, पण दुधाला सरासरी कळत नाही. बासुंदी, खीर, साबुदाण्याची खिचडी, तूप कढवणे या सगळ्यांत हे जाणवते. चांगल्या शेगडीची आच खालपर्यंत सलग राहते. दुकानात दोन पेले पाणी उकळवून घ्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर आणा. बुडबुडे एकसारखे येत राहिले तर शेगडी चांगली. थांबून-थांबून आले तर घरी खीर तशीच उसळणार. परत घ्यायला नकार देणारे दुकानदार हे करू देणार नाहीत, पण जांभळी नाक्यावर गर्दी नसलेल्या दुपारी गेलात तर करू देणारे एक-दोन नक्की भेटतात.

सासूबाईंचा मुद्दा रास्त आहे. ओल्या हाताने काचेवरची स्पर्शाची बटणे चालत नाहीत आणि दूध त्या पट्टीवर उतू गेले की शेगडी ओरडून बंद पडते. दाबायची बटणे किंवा गोल फिरवायचा खटका असलेले नमुने मिळतात. दिसायला साधे असतात, म्हणून दुकानदार ते मागे ठेवतात.

निवृत्त_तारमार्ग | ६ मे, रात्री ८:३०

एक भर घालतो. ओटा नवा होतोच आहे, तर आज एकच शेगडी घेतलीत तरी १६ अँपिअरची दोन सॉकेट दोन वेगळ्या तारांवर काढून ठेवा. टाइल बसल्यावर भिंत फोडणे फार महाग पडते. सॉकेट शेगडीच्या थेट मागे घेऊ नका, वाफ त्यात शिरते. हातभर बाजूला घ्या.

खारघर_टेकडी | ६ मे, रात्री ९:०५

अनुमोदन. आणि एखादा गॅस बर्नर राहू द्या. चार वर्षे हॉब वापरूनही मी एक बर्नर ठेवला आहे, वांग्यासाठी, कढल्यासाठी आणि वीज जाण्यासाठी. @नौपाडा_जुना यांना आनंद होईल.

नौपाडा_जुना | ६ मे, रात्री ९:२२

झाला.

मानपाडेकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळावे, म्हणून तीन महिन्यांनी धागा वर आणते आहे.

ओट्यात खिडकी कापली नाही. पाइप गॅसची दोन बर्नरची शेगडी ठेवली आणि शेजारी २००० वॅटची, दाबायच्या बटणांची एक सुटी इंडक्शन शेगडी घेतली. जांभळी नाक्यावर पाण्याची परीक्षा करू देणारा दुकानदार तिसऱ्या दुकानात मिळाला. पहिल्या दोन शेगड्यांवर बुडबुडे थांबून-थांबून येत होते. तव्याची गंमत म्हणजे शेगडीपेक्षा तव्याला जास्त पैसे गेले.

कुकर, दूध, चहा, भाज्या आणि पोळ्या इंडक्शनवर होतात, भाकरी गॅसवर. इंडक्शनवर कुकरला पाणी थोडे कमी लागते आणि पहिली शिट्टी इतक्या लवकर होते, की सुरुवातीचे आठ दिवस आम्ही डाळीचा लगदा खाल्ला. पूर्ण शक्तीवर कुकर गुणगुणतो, त्याचीही सवय झाली. जूनमध्ये दोन महिन्यांचे गॅसचे बिल निम्म्याहून कमी आले आणि विजेचे युनिट महिन्याला साधारण ५५ ने वाढले. @निवृत्त_तारमार्ग यांचा भागाकार केला, तर बचत अगदीच किरकोळ निघते. पण संध्याकाळी पंखा चालू असतो.

सासूबाईंनी पहिला महिना शेगडीला हात लावला नाही. मग एका दुपारी त्यांनी दूध तापत ठेवले, झोप लागली आणि दूध उतू गेले, पण वेळ लावलेली असल्यामुळे शेगडी आपोआप बंद झाली होती. त्या दिवसापासून दूध त्याच तापवतात. भाकरी मात्र त्यांना जाळावरचीच हवी.

आता गणपती जवळ आले आहेत आणि आमचे मोदकपात्र अ‍ॅल्युमिनियमचे आहे. गॅसचे दोन्ही बर्नर त्या दिवशी वरणभात आणि पुरणात अडकलेले असतील. २१ मोदक इंडक्शनवर उकडायचे असल्यास काय करावे?

पळीवाढी | १९ ऑगस्ट, रात्री ९:५५

मोदकपात्र बाजूला ठेवा, त्यातली चाळण तेवढी घ्या. चुंबक धरणाऱ्या रुंद ट्रायप्लायच्या पातेल्यात दोन पेले पाणी, त्यात एक वाटी उपडी, वाटीवर चाळण, चाळणीत हळदीची पाने आणि त्यावर मोदक. घट्ट झाकण लावून पाणी १६०० वॅटवर उकळवा आणि मग ८०० वर आणून १२ मिनिटे ठेवा. ११-११ चे दोन घाणे होतील.

उगाच_विचारतो | १९ ऑगस्ट, रात्री १०:०२

११ आणि ११ मिळून २२ होतात. जास्तीचा एक कोणाचा, हे आधी ठरवून ठेवा.